हवेची चोरवाट

बदलापूरहून एका भगिनींचें पत्र आम्हांस आलें होतें. त्यांतील प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाहीं, म्हणून त्याचा सारांश येथें देतों. त्यांच्या मामंजींनीं इ. स. १९८६ मध्यें प्रीमियर पद्मिनी मोटार घेतली. ती आजही दारांत उभी आहे. गेल्या वर्षापासून तिला एक व्याधि जडली आहे. सकाळीं ती कुरकुरत चालू होते, चालू झाल्यावर जागच्या जागीं थरथरते, आणि कल्याण-बदलापूर रस्त्यावर रहदारींत थांबावें लागलें कीं बंद पडते. मोकळ्या रस्त्यावर मात्र तिच्याविषयीं तक्रार नाहीं; मुरबाडच्या वाटेनें ती चौघांना घेऊन बिनबोभाट जाते. एका मेकॅनिकनें स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. दुसऱ्यानें जेट साफ केले, मग बदललेही. तिसऱ्यानें सांगितलें कीं, कार्बोरेटर संपला, नवा बसवावा, आणि हात लावलाच आहे तर इंजिनही उघडून घ्यावें. इकडे नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ येत चालली. यजमान म्हणतात, भंगारवाल्यास देऊन मोकळें व्हावें. मामंजी कांहींच बोलत नाहींत. परंतु भंगारवाला फाटकाशीं येऊन भाव करून गेला त्या दिवशीं ते जेवले नाहींत. "गाडी खरोखरच संपली आहे काय, एवढेंच मला कळवा," असें भगिनींनीं शेवटीं लिहिलें होतें.

बदलापूर हें नांव पूर्वीं तेथें घोडे बदलीत असत म्हणून पडलें, असें सांगतात. तेव्हां त्या गांवीं वाहन बदलण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटावेत यांत नवल नाहीं! आमचें मत मात्र निराळें पडलें. आम्हीं उलट टपालीं कळविलें कीं, रोगाचें नांव आपल्या पत्रांतच लिहिलेलें आहे. जी गाडी धांवतांना निरोगी असते आणि उभी राहिली कीं आजारी पडते, तिचें इंजिन झिजलेलें आहे असें मानण्यास कांहींच आधार नाहीं. झिजलेलें इंजिन चढावर रडतें. तें मुरबाडच्या वाटेला चौघांना घेऊन जात नाहीं. जेट साफ झालेले आहेत, म्हणजे मंद गतीचा जेट कचऱ्यानें बुजण्याची जी नेहमींची तक्रार, तीही नव्हे. पावसाळ्यांत उल्हास नदीच्या खोऱ्यांतील ओल वायरींत शिरून इंजिन अडखळतें खरें, पण तें दुखणें ओल्या दिवसापुरतें असतें. या गाडीला वैशाखांतही तोच त्रास आहे. मग उरली एक शंका. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्यें कोठेंतरी फट पडली असावी, आणि तींतून हवा चोरून आंत जात असावी.

ही गोष्ट नीट समजावी म्हणून थोडें मागें जाऊं. इंजिनाचा व्यापार श्वासोच्छ्वासाचाच आहे. दट्ट्या खालीं उतरला कीं नळकांड्यांत पोकळी उत्पन्न होते आणि बाहेरची हवा आंत धांवते. तिच्या वाटेवर कार्बोरेटर बसविलेला असतो. त्याचा गळा मध्यें मुद्दाम अरुंद केलेला असतो. अरुंद जागेंतून जातांना हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. हा नियम दानिएल बर्नूली यानें इ. स. १७३८ मध्यें आपल्या ग्रंथांत मांडला, आणि त्या अरुंद गळ्याला इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी याचें नांव मिळालें. दाब उतरला म्हणजे शेजारच्या वाटींतील पेट्रोल बारीक छिद्रांतून आपोआप वर ओढलें जातें व तुषार होऊन हवेंत मिसळतें. इ. स. १८९३ च्या सुमारास जर्मनींत मायबाख यानें आणि हंगेरींत बांकी व चोन्का या जोडीनें ही युक्ति प्रत्यक्षांत आणली. पुढें जवळजवळ शंभर वर्षें जगांतील बहुतेक मोटारी तिच्यावरच चालल्या.

या यंत्राचें सारें महत्त्व हिशेबांत आहे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. कार्बोरेटर हा मोठा प्रामाणिक कारकून आहे. गळ्यांतून जितकी हवा गेली तितक्या प्रमाणांत तो पेट्रोल मोजून देतो. परंतु त्याच्या खिडकीवरून जो गेला त्याचीच तो नोंद ठेवतो. खिडकीच्या पलीकडे, म्हणजे कार्बोरेटरच्या बुडाखालीं, एखादें भोंक पडलें आणि त्यांतून हवा शिरली, तर ती त्याच्या वहींत येत नाहीं. तिच्या वांट्याचें पेट्रोल कोणीच देत नाहीं. मिश्रण पातळ होतें, आणि पातळ मिश्रण एक तर पेटत नाहीं, किंवा रेंगाळत पेटतें. शहाळें पितांना नळीला वरच्या बाजूस चीर गेली कीं कितीही ओढलें तरी तोंडांत पाण्याऐवजीं वाराच येतो, हें लहान मुलांसही ठाऊक आहे.

आतां भगिनींच्या कोड्याची उकल अशी. गाडी उभी असतां कार्बोरेटरमधील झडप जवळजवळ मिटलेली असते. इंजिन ओढ तर घेतेंच आहे. म्हणून झडपेखालीं मोठी पोकळी राहते. समुद्रसपाटीजवळच्या प्रदेशांत सुदृढ इंजिनाची ही ओढ पाऱ्याच्या १७ ते २१ इंच स्तंभाइतकी भरते. लोणावळ्यास, सुमारें दोन हजार फूट उंचीवर, तोच कांटा दोन इंच कमी दाखवील, आणि तो दोष नव्हे. अशा वेळीं इंजिनास लागणारी हवा अगदीं थोडी असते, आणि त्या थोड्या हवेंत चोरून आलेल्या हवेचा वांटा मोठा होतो. झडप पूर्ण उघडली कीं ओढ उतरते व खरी हवा लोटानें आंत येते. त्या लोटांत फटींतून आलेली हवा हिशेबांतही धरवत नाहीं. म्हणून गाडी रस्त्यावर पळते आणि सिग्नलला मरते.

यांत वाईट गोष्ट अशी कीं, हा दोष झांकतां येतो. झडपेचा स्क्रू पिळून रेस वाढविली, आणि मिश्रणाचा स्क्रू सैल करून पेट्रोल जास्त सोडलें, तर गाडी कांहीं दिवस बंद पडत नाहीं. गिऱ्हाईक खूष होऊन जातें. पुढें फट रुंदावते, आणखी एक आटा फिरवावा लागतो, पेट्रोलचा खर्च वाढतो, आणि मालक म्हणतो, इंजिन म्हातारें झालें. जेथें झांकलें नाहीं तेथें पातळ मिश्रण रेंगाळत जळून निकास-झडपांस भाजून काढतें. अशा गाडीच्या स्पार्क प्लगचें टोंक काढून पाहावें. निरोगी गाडीचें तपकिरी असतें, या गाडीचें पांढरें फटफटीत दिसतें. मधूनच कार्बोरेटरच्या तोंडून फटाका वाजतो तोही याच कारणानें. आगीचा शेवट व्हावयाच्या आंतच पुढची झडप उघडलेली असते.

भगिनींच्या नूतनीकरणाचाही येथें संबंध येतो. जुन्या पेट्रोल मोटारीच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आंत आणि न जळलेलें हायड्रोकार्बन दशलक्षांत १५०० भागांच्या आंत असावें लागतें. हवेची गळती असलेली गाडी पहिल्या कसोटीस उतरते आणि दुसरींत नापास होते, कारण न पेटलेलें पेट्रोल तसेंच बाहेर पडतें. स्क्रू सैल करून पेट्रोल वाढवावें तर पहिली कसोटी हातची जाते. पत्रांतील गाडीची हीच कोंडी झालेली असावी, असा आमचा तर्क होता.

तर्क पुरेसा नसतो, पाहावें लागतें. आम्हीं ज्या परीक्षा लिहून पाठविल्या त्या येथें देतों. परंतु आधीं सावधगिरीचे शब्द, आणि ते आमच्या तरुण वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावेत. परीक्षा नेहमीं उघड्या अंगणांत करावी. इमारतीखालच्या बंदिस्त तळांत इंजिन चालू ठेवूं नये, कारण तेथें कोंडणारा वायु वासावांचून माणूस मारतो. हातब्रेक ओढलेला व गिअर सुटा असावा. पुढचा पंखा पट्ट्यानें फिरत असतो. पदर, उपरणें, सैल बाही त्याच्या आसपासही जाऊं देऊं नये. कांहीं मेकॅनिक गळती शोधण्यास पेट्रोल किंवा ज्वालाग्राही फवारा मारतात. हातखंडा माणसाच्या हातून तें निभतें, पण निकासाचा तापलेला नळ तेथून वीतभर अंतरावर असतो, आणि जुन्या वायरींतून ठिणगी उडणें मुळींच दुर्मिळ नाहीं. घरच्या माणसानें तें करूं नये. उदबत्तीचा धूर ज्या सांध्यांत ओढला जाईल तेथें गळती, अशीही एक युक्ति सांगतात. ती बुद्धीला पटते, परंतु निखारा तो निखाराच, आणि पेट्रोलजवळ त्याचें काम नाहीं.

निर्धोक मार्ग पाण्याचा आहे. इस्त्रीच्या वेळीं कपड्यांवर पाणी उडविण्याची जी प्लॅस्टिकची बाटली असते ती घ्यावी, इंजिन मंद चालू ठेवावें, आणि एका वेळीं एकाच सांध्यावर बारीक तुषार मारावा. वायरींवर व डिस्ट्रिब्यूटरवर पाणी जाऊं देऊं नये, नाहीं तर निराळाच रोग उत्पन्न होईल. जेथें फट असेल तेथें पाणी क्षणभर ती बुजवितें, आणि इंजिनाचा सूर बदलतो; थरथर थांबते किंवा गति कमीजास्त होते. सूर बदलला ती जागा. पाण्याऐवजीं कुंचल्यानें थोडें इंजिन-तेल लावलें तरी चालतें. तें जरा जास्त वेळ टिकतें. रबरी नळीचें एक टोंक कानाशीं व दुसरें सांध्याशीं धरून ऐकल्यास फुसफूस ऐकूं येते, म्हणजे वैद्याच्या नळीचाच प्रकार. ओढ मोजण्याचा कांटा मिळाला तर उत्तमच. कांटा खालीं पण स्थिर असेल तर गळती समजावी. कांटा ठराविक अंतरानें झटके खात असेल तर झडपांकडे पाहावें.

तीन आठवड्यांनीं भगिनींचें दुसरें पत्र आलें. परीक्षा त्यांनीं स्वतःच केली होती, मामंजी खुर्ची घेऊन शेजारीं बसले होते. मॅनिफोल्डच्या नटांपाशीं पाणी मारलें, कांहीं झालें नाहीं. नळ्यांवर मारलें, कांहीं नाहीं. कार्बोरेटरच्या बुडाशीं, जेथें तो दोन नटांनीं खालच्या भागावर बसतो, तेथें तुषार पडतांच इंजिन एकदम शांत झालें, "जणूं कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवला," असें त्यांनीं लिहिलें आहे.

ही जागा सोलेक्स जातीच्या कार्बोरेटरची जुनी दुखरी बाजू आहे. त्याचें अंग जस्ताच्या मिश्रधातूचें, म्हणून मऊ. बुडाला दोन कान असतात व प्रत्येक कानांत एक नट. गळती थांबेना कीं मेकॅनिक नट अधिक आवळतो. कान खालीं वांकतात, आणि मधला भाग कमानीसारखा वर उचलतो. म्हणजे जितकें आवळावें तितकी फट मोठी. असा कार्बोरेटर काढून त्याच्या बुडावर पोलादी पट्टी उभी धरावी आणि उजेडाकडे पाहावें. पट्टीखालून उजेड दिसला कीं समजावें. उपाय जुना आणि सोपा आहे. जाड कांचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरावा, त्यावर बूड टेकवून इंग्रजी आठच्या आंकड्यासारखें हलक्या हातानें फिरवावें, आणि सर्व पृष्ठ सारखें चमकूं लागलें कीं थांबावें. तत्पूर्वीं छिद्रें बुजवून घ्यावीं, नंतर पेट्रोलनें धुऊन हवेनें फुंकून काढावीं. कुरुंदाचा एक कण जेटमध्यें अडकला तर केलेलें काम वायां जातें. कार्बोरेटरच्या खालीं उष्णता अडविणारा जो जाड ठोकळा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंस नवें पॅकिंग लागतें. पुष्कळ ठिकाणीं वरचें तेवढें बदलतात व खालचें विसरतात. नट दोन्हीकडचे आळीपाळीनें, थोडेथोडे आवळावेत. आणि सांध्यांत साधा सिलिकॉनचा लांबा भरूं नये. तो पेट्रोलनें फुगून सुटतो आणि त्याचे तुकडे इंजिनांत जातात.

पॅकिंग आणण्यास भगिनींचे चिरंजीव उल्हासनगरास गेले. या गांवाविषयीं आमच्या कांहीं वाचकांच्या घरीं जो उपहासाचा सूर असतो तो आम्हांस आवडत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं कल्याणजवळ लष्करासाठीं उभारलेल्या छावणींतील बराकींत, फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेलीं कुटुंबें येऊन राहिलीं, इ. स. १९४९ च्या ऑगस्टच्या ८ तारखेस गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव दिलें. हातीं कांहीं नसतां त्या लोकांनीं वस्तु करून विकण्याचा उद्योग मांडला, आणि तेथें नमुना दाखवाल ती वस्तु करून मिळते अशी ख्याति झाली. 'मेड इन यू. एस. ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद त्या लोकांनीं स्वतःही हंसून सांगावा इतका जुना आहे. ज्या गाडीचा कारखानाच उरला नाहीं तिच्या मालकास असा गांव शेजारीं असणें हें भाग्य होय. मात्र नमुन्याबरहुकूम आकार मिळतो, पदार्थ आपण पाहून घ्यावा लागतो. पुठ्ठ्याचें पॅकिंग पेट्रोलांत भिजून लोळागोळा होतें. पेट्रोल सोसणारा पॅकिंग-कागद मागावा, जुनें पॅकिंग सोबत न्यावें, आणि मधलें भोंक कार्बोरेटरच्या गळ्याहून लहान कापलेलें नाहीं ना, हें दुकानांतच ताडून पाहावें. चिरंजिवांनीं दोन आणलीं, एक पुढच्या वेळेसाठीं. दोहोंचा मिळून खर्च नव्या कार्बोरेटरच्या किंमतीशीं तुलना करण्याजोगाही नव्हता.

गाडी सुधारली, पण पुरती नाहीं. थंडपणीं सुरेख चाले. तापली कीं पुन्हां थोडी अडखळे. येथें पुष्कळ लोक निराश होतात. एका दोषामागें दुसरा दडलेला असतो, आणि पहिला निघाल्यावरच तो दिसतो. आम्हीं लिहिलें कीं, इंजिन बंद करून झडपेच्या दांडीचें टोंक चिमटींत धरावें व वरखालीं हलवून पाहावें. दांडी खडखडली. चाळीस वर्षें पायाखालीं फिरून फिरून तिनें आपलें भोंक लंबगोल करून टाकलें होतें, आणि त्या फटींतून हवा झडपेपाशींच आंत शिरत होती. चालू इंजिनावर दांडीच्या टोंकाशीं तेलाचा एक थेंब सोडतांच गति बदलली, म्हणजे शंकेस जागा राहिली नाहीं.

हें काम घरीं होत नाहीं. त्यास लेथ पाहिजे. अंबरनाथ म्हटलें कीं आमच्या वाचकांस शिलाहारांचें शके ९८२ चें शिवालय आठवेल, आणि तें आठवावेंच. परंतु त्याच गांवच्या औद्योगिक वसाहतींत पितळेचा तांदळाएवढा भागही शतांश मिलिमीटरच्या मापानें कातून देणारे कारागीर बसलेले आहेत. कार्बोरेटरचें झिजलेलें भोंक सरळ मोठें करून त्यांत कांसें-धातूचीं बुशें ठोकून बसवावयाचीं, व दांडी झिजली असल्यास नवी कातावयाची, एवढेंच काम. मात्र दोन्ही बाजूंचीं भोंकें एका रेषेंत आलीं पाहिजेत, नाहीं तर झडप अडकेल. आणि अडकलेली झडप म्हणजे न थांबणारी गाडी. येथें घाई किंवा काटकसर करूं नये. दुसरी एक बारीक गोष्ट अशी कीं, झडपेची चकती दांडीला दोन इवल्याशा स्क्रूंनीं धरलेली असते व त्यांचीं मागचीं टोंकें ठोकून फुलविलेलीं असतात. दांडी काढतांना ते स्क्रू काढावे लागतात. परत बसवितांना नवे घालून त्यांचीं टोंकें पुन्हां फुलविलींच पाहिजेत. त्यांपैकीं एक जरी सुटला तरी तो थेट नळकांड्यांत ओढला जातो, आणि मग तिसऱ्या मेकॅनिकचें इंजिन उघडण्याचें भाकीत खरें ठरतें.

काम होऊन गाडी परत आली तेव्हां ती चालू होतांच भयंकर वेगानें गुरगुरूं लागली, आणि घरांत सर्वांचे चेहरे उतरले. हें तर सुलक्षण होतें. पहिल्या मेकॅनिकनें फट झांकण्यासाठीं जे स्क्रू पिळले होते ते तसेच राहिले होते. आतां फट नाहीं आणि रेस मात्र चढलेली. इंजिन पूर्ण तापूं द्यावें, झडपेचा स्क्रू मागें घेत मिनिटास ८०० फेऱ्यांच्या आसपास गति आणावी, मग मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवून जेथें सूर सर्वांत गुळगुळीत लागेल तेथें ठेवावा, आणि पुन्हां गति पाहावी. या दोन स्क्रूंचें जमविणें कानावर अवलंबून आहे. मामंजींचा कान, भगिनी लिहितात, अद्याप शाबूत निघाला.

धुराच्या तपासणींत दोन्ही आंकडे मर्यादेच्या आंत आले. राहिला प्रश्न पैशाचा, आणि त्यांत यजमानांची बाजू आम्हांस अगदींच टाकाऊ वाटत नाहीं. पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते, इ. स. २०२५ च्या ऑगस्टांत केंद्र सरकारनें वीस वर्षांहून जुन्या मोटारींची ही फी ५,००० रुपयांवरून १०,००० रुपये केली, शिवाय राज्याचा पर्यावरण कर निराळा. पन्नास वर्षें झालेल्या मूळ स्वरूपांतील गाड्यांना इ. स. २०२१ च्या नियमांनीं ऐतिहासिक वाहनाचा वेगळा दर्जा दिला आहे, पण तिला रोजच्या वापराची मोकळीक नाहीं, आणि १९८६ च्या गाडीस त्यासाठीं २०३६ पर्यंत थांबावें लागेल. इतका खर्च करून गाडी ठेवावी कीं नाहीं, हें ज्याच्या त्याच्या घरांत ठरावें. आमचें म्हणणें एवढेंच होतें कीं, कागदाच्या एका फाटक्या पॅकिंगसाठीं तें ठरूं नये. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी इ. स. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस वयोमर्यादेनें निवृत्त झाली. त्या टॅक्सींच्या पोटावर जे कारागीर जगले, तेच या गाडीची नाडी ओळखणारे होते. ते आतां पांगत आहेत, आणि नव्या मुलांनीं संगणक लावून दोष वाचावयाचा अशाच गाड्या पाहिल्या आहेत. ज्यांच्या दारांत अशी गाडी आहे त्यांनीं तिचें थोडें वैद्यक स्वतः शिकलें पाहिजे, तें याचसाठीं.

आणखी एका गोष्टीकडे पद्मिनीच्या, तशाच अँबेसेडर व हेराल्डच्या मालकांचें लक्ष वेधतों. पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्यास इ. स. २०२३ मध्यें आरंभ झाला आणि २०२५ मध्यें तें प्रमाण देशभर गांठलें गेलें. इथेनॉलच्या पोटांत प्राणवायु असल्यानें अशा पेट्रोलच्या एका भागास सुमारें साडेतेरा भागच हवा पुरते. जेट जुन्या हिशेबाचे, म्हणजे फट नसतांही मिश्रण थोडें पातळ होणारच. जिला फट आहे तिला हें दुष्काळांत तेरावा महिना होय. गळती पूर्ण बंद झाल्याची खात्री झाल्यावर, आणि त्यानंतरच, जेट एक नंबर मोठा घालून पाहावा. आधीं घातला तर तेंही झांकणेंच झालें. जुन्या जातीचें रबर या पेट्रोलानें आधीं फुगतें, मग कडक होऊन तडकतें. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपांतील पडदा इथेनॉल सोसणारे घालून घ्यावेत. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनाच्या तेलांत उतरतें, आणि तेलाच्या कांडीस पेट्रोलचा वास येऊं लागतो. शिवाय इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. बदलापूर-अंबरनाथच्या पावसाळ्यांत महिना महिना उभी राहणारी गाडी असेल तर टाकी रिकामी ठेवूं नये, भरलेली ठेवावी, आणि आठवड्यांतून एकदां तरी ती पुरती तापेपर्यंत, निदान अंबरनाथच्या देवळापर्यंत, चालवून आणावी.